मृगातला लाल रंग कोठे जातो?

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास येथून मृग नक्षत्र दक्षिणेला चांगले उंच दिसते. मृगाच्या पोटातील बाणाखाली एक अंधुक ठिपका आहे. तो तेजोमेघ, म्हणजे तारे जन्मण्याची जागा. पुस्तकांतल्या चित्रांत तो लाल-गुलाबी असतो. मग शाळेच्या डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात हा लाल रंग फिका का पडतो?

तेजोमेघातील हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरतो, तेव्हा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश बाहेर पडतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक तो सहज टिपतो. इतकेच नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारा, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाशही टिपतो. तो तसाच आत आला तर दिवसा घेतलेल्या चित्रांतले रंग बिघडतात. म्हणून संवेदकापुढे निळसर फिल्टर बसवतात. तो अवरक्त प्रकाश अडवतो. पण त्याची अडवणूक अलीकडेच सुरू होत असल्याने हायड्रोजनचा लाल प्रकाशही तीत सापडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पलीकडे पोचतो.

हौशी आकाशनिरीक्षक हा फिल्टर घरीच काढतात. कॅननने २००५ मध्ये व निकॉनने २०१५ मध्ये लाल प्रकाश जाऊ देणारे खास कॅमेरेही काढले. मात्र फिल्टर नुसता काढून भागत नाही. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर १ मिलिमीटर जाडीची काच काढताच प्रतिमा सुमारे ०.३३ मिलिमीटर भिंगाकडे सरकते. मग तारे ठिपक्यांसारखे न दिसता पसरट दिसू शकतात. यासाठी त्या जागी तेवढ्याच जाडीची, ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश जाऊ देणारी काच बसवावी लागते.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. फ्लॅशच्या कॅमेऱ्यात सुमारे ३०० व्होल्टचा धारित्र असतो. बॅटरी काढल्यावरही त्यात विद्युतभार राहतो आणि जोराचा धक्का बसू शकतो. म्हणून असा कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती उघडण्यासाठी देऊ नये. वर्गात जुना वेबकॅम घ्यावा. पुष्कळ वेबकॅममध्ये भिंगाची नळी फिरवून निघते आणि तिच्या मागच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. तो काढण्यापूर्वी व काढल्यानंतर टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून चित्र पाहावे. रिमोटचा दिवा किती उजळला, हे मुलांना लगेच दिसेल.

मग एखादा विद्यार्थी हमखास विचारेल : हा कॅमेरा सवच्या कुंडावर धरला, तर गरम पाणी चमकेल का? नाही. अशा पाण्याचे प्रारण मुख्यतः ९००० नॅनोमीटरच्या आसपास असते. ते सिलिकॉनच्या आवाक्याबाहेरचे आहे. अवरक्त म्हटले की सारे एकच, हा समज येथेच दूर करता येईल.

कृत्तिकांभोवतीचा निळसर मेघ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करतो. त्याच्यासाठी फिल्टर काढून काही लाभ नाही. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी आपल्याला कोणता प्रकाश टिपायचा आहे, हे ठरवावे. पुष्कळदा एक भक्कम तिपाई आणि गावाच्या दिव्यांपासून दूर असलेले काळोखे माळरान एवढ्यानेच चित्र सुधारते.