कॉफीचें मूळ रान

कॉफीचें झाड मुळांत कोठलें, हें जाणणें घरचें बियाणें राखणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास बोधप्रद होईल. 'अरेबिका' या नांवावरून तें अरबस्तानचें वाटतें. परंतु त्याचें खरें माहेर इथिओपियाचा नैर्ऋत्य डोंगराळ मुलूख होय. तेथें सुमारें १३०० ते २००० मीटर उंचीवर, धुक्यानें वेढलेल्या अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलींत तें आपोआप उगवतें.

या रानांतून थोडें बीं येमेनांत गेलें. तेथून तें बाबा बुदन यांनीं चिकमगळूरच्या डोंगरांत आणलें, अशी दंतकथा आहे. १७०६ मध्यें जावा बेटांतून एक रोप ॲम्स्टरडॅमच्या बागेंत पोंचलें. अमेरिका खंडांतील कितीतरी मळे त्याच्याच वंशाचे होत. शिवाय हें झाड बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळ धरतें. त्यामुळें मळे अफाट वाढले, तरी रक्त तेंच राहिलें. एका झाडास बाधणारा रोग सर्वांस बाधूं लागला. १८६९ मध्यें सिलोनांत तांबेरा उद्भवला, आणि कांहीं वर्षांतच तेथील मळेवाल्यांस कॉफी सोडून चहाकडे वळावें लागलें.

उलट मूळ रानाची गोष्ट पहावी. १९७१ मध्यें इथिओपियांत कॉफीचीं हिरवीं फळें काळीं पाडून कुजविणारा रोग आला. तेव्हां जिम्मा येथील संशोधकांनीं, भर साथींतही निरोगी राहिलेलीं देशी झाडें हेरलीं. १९७४ मध्यें इलुबाबोर भागांत निवडलेलें '७४११०' हें वाण आजही तेथें लावतात.

परंतु हें रान शेतीसाठीं तुटत आहे व हवाही तापत आहे. रानटी अरेबिका आज संकटग्रस्त वनस्पतींत गणली जाते. कॉफीचें बीं धान्याप्रमाणें वाळवून थंड कोठींत वर्षानुवर्षें टिकत नाहीं. तें मुख्यतः जिवंत झाडांच्या रूपानेंच राखावें लागतें. म्हणून रान उभें राहणें अगत्याचें आहे. २०१० मध्यें युनेस्कोनें काफा व यायू येथील अरण्यांस राखीव जीवावरणाचा दर्जा दिला. तेथील शेतकरी रानांतली कॉफी वेंचून विकतात. त्या कॉफीस चार पैसे अधिक मिळाले तरच कुऱ्हाड थांबेल, असें आमचें मत आहे.

आमच्या शेतकरी बंधूंनींही यावरून धडा घ्यावा. सुधारलेलें बियाणें अवश्य आणावें. पण घरचें जुनें बीं शेवटच्या मुठीपर्यंत संपवूं नये. पुढच्या रोगाचा उतारा कोणत्या मुठींत आहे, हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं.