सापडलेला होन: अस्सल की नकली, आणि कोणाचा?

घराच्या पायाचं खोदकाम, विहिरीचा गाळ, जुन्या वाड्याची पडकी भिंत. महाराष्ट्रात जुनी नाणी बहुधा अशाच ठिकाणी हाती लागतात. बहुतेक वेळा ती तांब्याची शिवराई असते. ती शतकाहून जास्त काळ चलनात राहिली, त्यामुळे आजही भरपूर मिळते. पण ढेकळातून नखाएवढं पिवळं नाणं निघालं आणि त्यावर ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं दिसली, तर छातीत धडधडणारच. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही उदंड आहेत.

अशा वेळी दोन प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. नाणं अस्सल आहे का? आणि ते आपल्याकडे ठेवता येतं का? लोक पहिल्या प्रश्नासाठी सराफाकडे धावतात आणि दुसरा विसरून जातात. माझा आग्रह आहे, की दुसरा प्रश्न आधी सोडवावा.

कायदा काय म्हणतो

जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंना १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीची अशी वस्तू सापडली, की सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. अर्जात तीन गोष्टी लागतात: काय आणि किती सापडलं, कुठे सापडलं, केव्हा सापडलं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना बोलावलं जातं. चौकशीत वस्तू बेवारस ठरली, तर कायद्यातल्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला भाग जमीनमालकाला मिळतो. मात्र सरकारला ती वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते.

हे सगळं न कळवता नाणं कपाटात ठेवलं, तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचं नाव कागदावर राहतं आणि त्याचा हक्कही शाबूत राहतो. लपवणारा दोन्ही गमावतो. म्हणून अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

हात लावण्याआधी

नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रश यांपैकी काहीही नको. सोन्याला गंज चढत नाही, पण अक्षरांच्या खाचांत बसलेली माती हाच नाणं जमिनीत होतं याचा पुरावा असतो. कसोटीच्या दगडावर घासून कस पाहणं तर पूर्ण टाळा. एवढ्याशा नाण्यावर एक घास म्हणजे कायमची जखम. नाणं कडेने धरा, दोन्ही बाजूंचे आणि सापडल्या जागेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

नाण्याची तपासणी

पहिली पायरी वजनाची. शिवकालीन होन सुमारे २.७ ते २.८ ग्रॅमचा, व्यासाने १३ मिलिमीटरच्या आसपास असतो. याच आकाराचं पितळी नाणं त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. मुलामा दिलेल्या बहुतेक स्वस्त नकला इथेच उघड्या पडतात.

दुसरी पायरी घनतेची. नाणं आधी हवेत तोलायचं, मग बारीक धाग्याने पाण्यात बुडवून तोलायचं. दोन वजनांतल्या फरकाने हवेतल्या वजनाला भागलं, की घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, पितळेची साधारण साडेआठ. इथे एक मेख आहे. २.७५ ग्रॅमच्या होनात हा फरक ०.१४ ग्रॅम आला तर घनता १९.६ निघते आणि ०.१५ आला तर १८.३. काट्यावरचा शेवटचा एक आकडा हलला, तरी शुद्ध सोनं भेसळीचं वाटू लागतं. त्यामुळे मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा.

तिसरी पायरी क्ष-किरणांच्या यंत्राची, जे हॉलमार्किंग केंद्रांत वापरतात. नाण्याला ओरखडा न पाडता ते धातूंचं प्रमाण सांगतं, पण फक्त वरच्या पातळ थराचं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. घनता आणि यंत्र दोन्हींची उत्तरं जुळली, तरच सोनं पक्कं समजावं.

एवढं करून सिद्ध होतं ते फक्त सोनं. आजच्या सोन्यातही होन पाडता येतो. म्हणून चौथी आणि निर्णायक पायरी छाप्याची. जुनं नाणं सोन्याच्या चकतीवर हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं. छापा अनेकदा चकतीहून मोठा असे, त्यामुळे काठावरच्या ठिपक्यांची माळ कुठेतरी तुटते, अक्षरं एका बाजूला सरकतात, ठोक्याने कडेला बारीक चीर पडते. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा ताठ दिसतात. ओतीव नकलेत त्याच कडा मेणासारख्या गोलसर होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात आणि कधी काठावर साच्याची रेघ सापडते. एका छाप्यातून निघालेल्या दोन खऱ्या नाण्यांवरही छाप वेगवेगळ्या जागी बसतो. दोन होनांवर तीच सरक, तीच चीर आणि तोच पोचा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून आलेत, असं समजायला हरकत नाही.

मग पुढच्या बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ यांचं वळण संग्रहालयातल्या नोंदलेल्या होनांशी ताडून पाहायचं. हे काम नाणकशास्त्राच्या जाणकाराचं. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे, तसंच पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे.

विकत घेताना

संग्राहकासाठी नियम वेगळे. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतला नातेवाईक ‘बघून आणतो’ म्हणाला, तरी त्याच्या हाती देऊ नका. विकणाऱ्याकडून पक्की पावती घ्या आणि नाणं आधी कोणाकडे होतं ते लिहून मागा. ‘शेतात सापडलं, कोणाला बोलू नका’ असं सांगून कोणी होन दाखवत असेल, तर नाणं खोटं असल्यास पैसे बुडाले आणि खरं असल्यास दडवलेला माल तुमच्या घरात आला.

सापडलेल्या नाण्याची जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू नोंदल्या गेल्या, तरच ते इतिहासाला काही सांगतं. तेव्हा असं नाणं हाती आलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. सराफाकडे नंतरही जाता येईल.