अर्धवट आठवणारे गाणे कसे ओळखावे?

विद्यार्थी मित्रांनो, चाल ओठांवर आहे पण शब्द काही केल्या आठवत नाहीत, अशी फजिती तुमची कधी झाली आहे का? समजा, तुमचे घर नायगावला रेल्वेमार्गाजवळ आहे. रेडिओवर एक छानसे गाणे लागले आहे. तेवढ्यात भाईंदरकडून खाडीचा पूल ओलांडून लोकल धडधडत येते. ती निघून जाईपर्यंत गाणे संपते आणि निवेदकाने सांगितलेले गायकाचे नाव त्या गोंगाटात बुडून जाते. तुमच्याजवळ उरतो चालीचा एक तुकडा, इंग्रजीत मिसळलेले दोनचार कोकणी शब्द आणि मागे वाजणारी बासरी. एवढ्यावरून गाणे शोधता येईल का? येईल. पण त्यासाठी आपल्या कानात आणि डोक्यात गाण्याचे नेमके काय साठते, हे आधी समजून घ्यायला हवे.

शब्द निसटतात, चाल टिकते

निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. रेडिओच्या मध्यम लहरींवर मात्र आपल्या देशात दोन शेजारच्या वाहिन्यांमध्ये ९,००० कंपनांचेच अंतर असते. त्यामुळे साधारण ४,५०० कंपनांच्या वरचे आवाज आपल्यापर्यंत धड पोहोचत नाहीत. गायकाच्या स्वरांची मूळ कंपनसंख्या बहुधा १,००० च्या आत असते, म्हणून चाल सुखरूप येते. 'स', 'श' या अक्षरांतील सुसकारा मात्र बराचसा ४,००० च्या वर असतो. तोच छाटला गेल्याने शब्द चुकीचे ऐकू येतात. म्हणून गाणे शोधताना आठवणाऱ्या शब्दांवर फार विसंबू नका, चालीवर अधिक भरवसा ठेवा.

चालीचा आकार

आता चालीकडे वळू. तेच गाणे आई एका पट्टीत गाते, बाबा दुसऱ्या पट्टीत, तरी ते आपण ओळखतो. सा जर २०० कंपनांचा असेल तर प ३०० चा होतो, आणि सा २४० चा असेल तर प ३६० चा. आकडे बदलले, पण दोन्हींचे प्रमाण २ : ३ हेच राहिले. डब्ल्यू. जे. डाऊलिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, नवी चाल ऐकल्यावर आपल्या लक्षात प्रथम राहते ती तिची चढउतार. नेमकी स्वरांतरे ओळखीच्या चालींतच पक्की बसतात.

या चढउतारीचा उपयोग करून डेनिस पार्सन्स या इंग्रज लेखकाने १९७५ साली चालींचा एक कोशच प्रसिद्ध केला. त्याची युक्ती अगदी सोपी आहे. पुढचा स्वर वर गेला तर 'च' (चढ), खाली आला तर 'उ' (उतार) आणि तोच राहिला तर 'स' (समान) लिहायचे. 'सा रे ग ग रे सा प' ही ओळ मग 'च च स उ उ च' अशी होईल. स्वरज्ञान नसले तरी हे जमते. प्रत्येक पायरीला तीन शक्यता, म्हणजे दहा पायऱ्यांना ३ चा दहावा घात, अर्थात ५९,०४९ वेगवेगळे आकार! केवळ अकरा स्वर गुणगुणून तुम्ही हजारो चाली बाजूला सारू शकता.

पुराव्याची जुळवाजुळव

चाल झाली, आता बाकीचे पुरावे पाहू. कोकणी-इंग्रजी शब्द, गिटार आणि बासरी यांवरून एक नाव सुचते ते रेमो फर्नांडिस यांचे. गोव्यातील शिवोलीचे रेमो वास्तुशास्त्र शिकण्यासाठी मुंबईत आले, तेव्हा ते 'सॅव्हेजेस' या रॉक वाद्यवृंदात वाजवत. पुढे ते स्वतंत्रपणे गाऊ लागले. 'गोवन क्रेझी' ही त्यांची पहिली ध्वनिफीत १९८४ साली निघाली. ती त्यांनी घरीच मुद्रित केली. एकेक वाद्य स्वतः वाजवून आणि आवाजावर आवाज चढवून त्यांनी ती तयार केली. तेव्हा गाणे खरोखर त्यांच्या ध्वनिफितीतले असेल, तर ते १९८४ च्या आधीचे असणार नाही. शोधाचे क्षेत्र असे एकेका पुराव्याने आक्रसत जाते.

यंत्र कसे ओळखते?

आज हे काम मोबाईलही करतो. 'शॅझॅम' ही सेवा ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झाली. संगणक गाण्याचा आलेख काढतो. कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येचा आवाज सर्वांत जोरकस आहे, एवढेच बिंदू तो ठेवतो आणि बिंदूंच्या जोड्यांमधील अंतर मोजतो. गोंगाटातही हे जोरकस बिंदू बरेचसे टिकतात. आपल्या बोटाच्या ठशासारखाच हा गाण्याचा ठसा! पण तो त्या एका ध्वनिमुद्रणाचा असतो. रेमोंनी १९८५ च्या 'ओल्ड गोवन गोल्ड' मध्ये गोव्याची जुनी गाणी नव्या साजात गायली. चाल तीच असली तरी जुन्या मुद्रणाचा ठसा त्यांना जुळणार नाही. तेथे चालीचा आकारच लागतो. २०२० पासून गूगलवर गुणगुणूनही गाणे शोधता येते, ते याच तत्त्वावर.

मात्र दोन्ही यंत्रांना एक मर्यादा आहे. संग्रहात जे नाही, ते त्यांना सापडत नाही. वसईच्या परिसरात कादोडी, आगरी, कोळी अशा बोलींतून लग्नाची किती तरी गाणी गायली जातात. त्यांतील जी कधी मुद्रितच झाली नाहीत, त्यांचा ठसा कोठून मिळणार? त्यांचा संग्रह फक्त आजीच्या स्मरणात असतो, आणि तो एक दिवस कायमचा बंद होतो.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एक प्रयोग करा. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना एखादे जुने गाणे गुणगुणायला सांगा. त्यांची परवानगी घेऊन ते मोबाईलवर मुद्रित करा. वहीत च, उ, स या अक्षरांनी त्याचा आकार लिहा. शब्द, गाणाऱ्याचे गाव आणि तारीखही नोंदवा. मग तेच गाणे दुसऱ्या आजीकडून ऐका आणि दोन्ही आकार ताडून पाहा. कोठे जुळतात, कोठे वेगळे होतात? उद्या ते गाणे कोणाला अर्धवट आठवले, तर त्याचा पत्ता तुमच्या वहीत सापडेल.