जुना ट्रॅक्टर घेताय? आधी इंजिन नंबर बघा

भालकी, बसवकल्याण, औराद भागातल्या शेतकरी मित्रांनो, ट्रॅक्टरच्या रंगावर भुलू नका. डिझेलच्या फडक्याने इंजिनचा ब्लॉक पुसा, ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि ती छाप आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा. नुसत्या पत्र्याच्या पट्टीवर विसंबू नका. रिव्हेट काढून ती दुसऱ्या ब्लॉकवर बसवता येते. नंबराभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढाच ताजा रंग दिसला तर माझ्या मते सौदा तिथेच मोडावा. इंजिन बदललं असेल तर नवा नंबर आरसीवर चढलेला हवाच.

उदगीर-देगलूरकडची एमएच पासिंग गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 सुद्धा मागा.