बिनपगारी मे महिना

मे महिना आला की आमच्या भाचीचे मानधन थांबते. ती कोकणातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी साहित्य शिकवते. तास नाही तर पैसे नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर तिला संशोधन करायचे आहे, पण पुण्याला जाऊन पोथ्या पाहायचे दिवस दहावीच्या शिकवण्या घेण्यात निघून जातात.

परवा दस्तरखानावर हाच विषय निघाला, तेव्हा आम्ही तिला अमेरिकेतली हकीकत सांगितली. तिथेही पुष्कळ कॉलेज-शिक्षकांचा करार नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळा आपापला निभवायचा. तिथल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेने, जिची स्थापना १९६५ ची, शिक्षकांसाठी उन्हाळी चर्चासत्रे सुरू केली. साधारण सोळा जण, एक जाणकार प्राध्यापक आणि एक विषय. मोठ्या वर्गात पंचवीस-तीस जण. काही आठवडे एकत्र वाचायचे, वाद घालायचे, उरलेल्या वेळात ग्रंथालयात बसायचे. परीक्षा नाही, पदवी नाही. अर्जासोबत चार पानांचा निबंध मात्र लागे: हाच विषय का, आणि तुमचे स्वतःचे काम काय?

विषय कसे असत पाहा. २०१० आणि २०१२ च्या उन्हाळ्यात असा वर्ग स्पेनमध्ये बार्सिलोनाला भरला. मध्ययुगातल्या भूमध्य समुद्राकाठी मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी एकमेकांकडून काय शिकले, हे तिथे वाचायचे होते. त्याच शहरात आरागॉनच्या राजांचे जुने दप्तर आहे आणि त्यात अरबी पत्रेही आहेत. फ्रेंच काव्य शिकवणारा शिक्षक अरबी जाणणाऱ्याशेजारी महिनाभर बसला, तर त्याच्या पुढच्या वर्षीच्या शिकवण्यात काय फरक पडेल, याचा अंदाज कुणालाही येईल.

आणि पैसे? त्या काळी चार आठवड्यांचे ३,३०० डॉलर मिळत. प्रवास, राहणे, जेवण सगळे त्यातूनच. चैन अजिबात नव्हती, पण उन्हाळ्यात दुसरी चाकरी धरावी लागत नसे. पुढे काही जागा कायम नोकरी नसलेल्यांसाठी राखल्या गेल्या. आमच्या मते साऱ्या योजनेत शहाणपणाची गोष्ट हीच. कायम नोकरीवाल्याला सुट्टी असते. गरज तात्पुरत्या शिक्षकालाच अधिक.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले-मुलीही यात बसू शकत. परदेशी नागरिकाला तिथे तीन वर्षे राहिल्याची अट होती. पण एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेची हजाराहून अधिक अनुदाने एका झटक्यात रद्द झाली आणि त्यात उन्हाळी वर्गही सापडले.

आपल्याकडे याच्या जवळची सोय शिमल्याला आहे. भारतीय उच्च अध्ययन संस्थेत सहयोगी म्हणून निवड झालेल्या शिक्षकाला तीन वर्षे दरवर्षी एक महिना राहता येते, राहणे-जेवण संस्थेकडे. इमारत जुन्या व्हाइसरॉयची. १९४५ च्या शिमला परिषदेला मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून इथेच बसले होते. आज तिथे मोठे ग्रंथालय आहे. पण तिथे जो तो आपल्या खोलीत आपले काम करतो. सोळा जणांनी एकच पोथी पुढ्यात घेऊन बसण्याची मजा वेगळी. ती आपल्या एखाद्या विद्यापीठाला मे महिन्यात करता येणार नाही का? वसतिगृहे तर तेव्हा रिकामीच असतात.

अम्मी सगळे ऐकत होत्या. मुलगी महिनाभर एकटी बाहेर राहणार, यावर त्या काही बोलतील असे आम्हांला वाटले होते. त्यांनी विचारले, “पैसे ते देतात की आपण?”

“राहण्या-जेवणाचे ते देतात, नानी.”

“मग अर्ज लिही. शिकवणीची पोरे मी बघते.”

अम्मी स्वतः सातवीपर्यंत शिकल्या आहेत. भाची हसली, पण रात्री तिने निबंधाचे पहिले पान लिहून काढले.