तारे कशाचे बनले आहेत? प्लाझ्मा आणि जाणण्याची मर्यादा

मंडळी, आजचा विषय प्लाझ्मा. तत्त्वज्ञानवाल्यांनी यात कशाला पडायचं, असं कुणी विचारेल. त्याचं कारण ऑग्यूस्त काँत. १८३५ मध्ये या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं की ताऱ्यांची अंतरं आणि गती आपण मोजू, पण ते कोणत्या द्रव्याचे आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तिथला तुकडा काही हाती येत नाही, मग कळणार कसं?

काँत १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या वर्णपटात आपल्या ठरावीक रेषा उमटवतं. म्हणजे तुकडा नको, प्रकाश पुरे!

पण खरी गंमत पुढे आहे. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियम आणि लोह यांच्या रेषा ठळक दिसतात. मग आपण सहज म्हणतो, सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असणार. इथे प्लाझ्मा आडवा येतो.

बर्फ, पाणी, वाफ आपल्याला ठाऊक आहे. वायू आणखी तापवत गेलो की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले भारित अणू यांचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा, मराठी परिभाषेत आयनद्रायू. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तिथलं द्रव्य शिशाच्या सुमारे १३ पट घन आहे, तरी ते वायूसारखं वागतं. कारण इलेक्ट्रॉन गेल्यावर जी केंद्रकं उरतात, ती फार चिमुकली असतात. दाटीतही त्यांना हलायला जागा मिळते.

आता प्रश्न असा, की किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात? १९२० मध्ये कोलकात्याच्या मेघनाद साहा यांनी याचं सूत्र दिलं. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मूलद्रव्य कोणतं, तापमान किती आणि दाब किती. दाब कमी असला की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जोडीदार भेटणं अवघड, म्हणून विरळ थरात आयन जास्त.

हे सूत्र घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांचे वर्णपट पुन्हा वाचले. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांवर असतो. तेवढ्या तापमानाला हायड्रोजनच्या फारच थोड्या अणूंना डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा उमटवता येतात. कॅल्शियमचे अणू मात्र मोजके असूनही जवळजवळ सगळे ठळक रेषा देतात. हिशेब मांडल्यावर निघालं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत!

त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे पटलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून पेन यांनी प्रबंधात लिहिलं, की हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोचले.

यातून आपण काय घ्यायचं? स्पर्श झाल्याशिवाय ज्ञान नाही, असं काँतने धरलं. ठळक दिसतं तेच जास्त, असं नंतरच्यांनी धरलं. द्रव्य कोणत्या अवस्थेत आहे हे कळलं, तेव्हाच दिसणं आणि असणं यांतला फरक मोजता आला. पुरावा समोर असतो. पण तो कोणत्या परिस्थितीत बोलतोय, हे आधी विचारावं लागतं. आज इथे थांबूया.