उतरणीची मिळकत

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जतला थांबली, की पुष्कळदा तिला मागून आणखी इंजिने जोडण्यात येतात. पुढे बोरघाट असतो ना! १८६३ मध्ये या घाटातून लोहमार्ग सुरू झाला. सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची गाठावी, इतका तेथील चढ तीव्र आहे. सपाटीवर वाऱ्यासारखी धावणारी गाडी येथे सावकाश वर चढते.

चढताना खर्च झालेली ही शक्ती कोठे जाते? तिचा काही भाग घर्षणात जातो. परंतु बराचसा भाग उंच टाकीत चढवलेल्या पाण्याप्रमाणे गाडीतच साठून राहतो. गाडी घाट उतरू लागली, म्हणजे हीच शक्ती तिला वेगाने खाली ओढते. तो वेग आवरला नाही, तर अनर्थ ओढवेल. म्हणूनच, न आवरणारी गाडी चढावर वळवून थांबवता यावी, यासाठी घाटात मुद्दाम वेगळे रूळ टाकलेले आहेत.

साध्या ब्रेकमध्ये ठोकळे चाकांवर दाबले जातात. सायकलवरून उतार उतरताना ब्रेक दाबून धरले, तर चाकाची कड तापते, हे तुम्ही अनुभवले असेल. आगगाडीचेही तसेच होते. चाके तापतात, ठोकळे झिजतात आणि कष्टाने मिळवलेली शक्ती उष्णता होऊन हवेत विरून जाते.

विजेच्या इंजिनाने यावर सुंदर उपाय दाखवला. मोटारीला वीज दिली, की ती फिरते. उलट तिलाच बाहेरून फिरवले, तर ती वीज निर्माण करते. म्हणून उतारावर मोटारींना वीज देण्याऐवजी त्या चाकांकडून फिरवून घेतात. त्या फिरवताना चाकांवर भार पडतो व गाडीचा वेग आवरला जातो. निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाते, आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. जणू उतरणारीने चढणारीला हात द्यावा! मात्र गाडी पूर्ण थांबवण्यासाठी साधे ब्रेकही ठेवावेच लागतात.

भारतातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यास धावली. पुढे थोड्याच वर्षांत बोरघाटातही वीज आली. तेथील मालगाड्यांच्या जुन्या विद्युत इंजिनांतही ही सोय होती. आज मुंबईच्या उपनगरी गाड्या स्थानकात शिरताना वेग कमी करतात, तेव्हा त्याही अशीच वीज परत देतात.

नवी शक्ती मिळवणे हे मोठे काम खरेच. पण हाती असलेली शक्ती वाया जाऊ न देणे, हीसुद्धा एक मिळकतच आहे.